प्रश्नवही : सोलापूरच्या पूर्व भागातील एका वाचनालयाचे प्रकरण

सोलापूर शहराच्या पूर्व भागातील एका शासनमान्य ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. २०२५ च्या जूनमध्ये आम्ही तेथे माहिती साक्षरतेचे, म्हणजे हवी ती माहिती शोधण्याचे आणि आलेली पारखण्याचे, प्रशिक्षण सुरू केले. ते आधी फसले, नंतर वेगळ्याच वाटेने रुजले, आणि मधल्या काळात माझ्या एका चुकीमुळे एका कुटुंबाचे नुकसानही झाले. हे सारे जसे घडले तसे येथे मांडत आहे. वाचनालयाचे आणि माणसांचे नाव दिलेले नाही, कारण ज्यांचा उल्लेख पुढे येतो त्यांनी आपले कागद आणि फोन आमच्यापुढे विश्वासाने ठेवले होते.

पूर्व भाग म्हटले की सोलापूरकराच्या डोळ्यांपुढे यंत्रमागाची खडखड आणि दारात मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका येतात. घरात तेलुगू, शाळेत आणि बाजारात मराठी, शेजारी कन्नड किंवा उर्दू अशी येथील भाषांची रोजची घडी आहे. आमच्या मुक्तद्वार वाचन विभागात या चारही भाषांतील दैनिके येतात. सकाळी पाळी सुटलेले यंत्रमाग कामगार आणि निवृत्त मंडळी ती वाचतात. वरच्या मजल्यावरील अभ्यासिकेत पोलीस भरती आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली रात्री उशिरापर्यंत बसतात. ती वाचनालयाची पुस्तके क्वचितच घेतात; त्यांना हवे असतात टेबल, दिवा, पंखा आणि शांतता. विडी कामगार स्त्रिया तर वाचनालयात येतच नसत. आल्याच तर मुलाचे ओळखपत्र न्यायला दारापर्यंत येत.

या कामाची निकड मला वाटू लागली त्याचे कारण जिल्ह्याच्या जवळचे आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आली आहे या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारले. त्यांच्यातील बहुतेक जण आमच्याच जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्यातून भिक्षेसाठी गेलेले होते. अफवा फोनवरून फिरत होती. त्या महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ती मर्यादा ठीकच होती, पण पहिल्या ठिकाणी संदेश वाचणाऱ्याने काय करावे हा प्रश्न तिने सुटत नव्हता. हा प्रश्न ग्रंथपालाच्या कामाचा आहे असे तेव्हापासून माझ्या मनात होते; ते प्रत्यक्षात यायला मात्र सात वर्षे गेली.

ही कल्पना नवी नाही. ‘माहिती साक्षरता’ या अर्थाचा इंग्रजी शब्दप्रयोग पॉल झुरकोव्स्की यांनी १९७४ मध्ये केला, तेव्हा त्यांच्यासमोर अमेरिकेतील नोकरदार वर्ग होता. २००३ च्या प्राग जाहीरनाम्याने आणि २००५ च्या अलेक्झांड्रिया घोषणेने ती विकसनशील देशांच्या गरजांशी आणि आजन्म शिक्षणाशी जोडली. आपल्याकडे मात्र ती बहुधा संगणक साक्षरतेत विरून जाते. फोन चालवता येणे आणि फोनवर आलेले पारखता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केंद्र सरकारचे २०१७ मधील प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान नावाप्रमाणेच ग्रामीण कुटुंबांसाठी होते, त्यामुळे शहरातील आमच्या वस्त्या त्यातून बाहेर राहिल्या. तरीही आमच्या बायकांना फोन चालवणे शिकवावे लागले असे म्हणता येणार नाही. तो त्या आपोआप शिकल्या होत्या.

पहिला वर्ग

कार्यकारी मंडळाने परवानगी दिली आणि आम्ही सहा रविवारांचा अभ्यासक्रम आखला. त्याचा आधार होता ‘एम्पॉवरिंग एट’ ही पद्धत. २००४ मध्ये कोलंबो येथे आशियाई देशांतील ग्रंथपालांच्या कार्यशाळेत ती तयार झाली. पाश्चात्त्य नमुने आपल्या शाळांना आणि ग्रंथालयांना जसेच्या तसे बसत नाहीत ही त्यामागची जाणीव मला मोलाची वाटत आली आहे. तिच्यात आठ टप्पे आहेत : विषय ओळखणे, शोध घेणे, निवड करणे, मांडणी करणे, नवी रचना करणे, सादर करणे, मूल्यमापन करणे आणि शेवटी शिकलेले वापरणे. मी या आठ टप्प्यांचे आठ तक्ते केले, प्रोजेक्टर भाड्याने आणला आणि मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळापासून राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयापर्यंत सगळे दाखवायचे ठरवले.

पहिल्या रविवारी खुर्च्या कमी पडल्या. चौथ्या रविवारी पाच जण होते, त्यांतील दोघे मंडळाचे सदस्य.

दोष पद्धतीचा नव्हता. ती मुळात विद्यार्थ्याला प्रकल्प करायला शिकवण्यासाठी होती आणि मी ती प्रकल्प नसलेल्या माणसांपुढे ठेवली. “तुमचा एक विषय निवडा,” असे मी म्हणालो तेव्हा यंत्रमागावर काम करणारे एक गृहस्थ शेजाऱ्याकडे पाहून हळूच म्हणाले, “आमाला कुठला विषय असतंय की.” वाक्य हसण्यावारी गेले, पण ते बरोबर होते. त्यांच्यापाशी विषय नव्हता, कागद होता : भविष्यनिर्वाह निधीचा नाकारलेला दावा, मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, वीजबिलावरची न समजणारी रक्कम. त्याबद्दल बोलायला आमच्या सहा रविवारांत जागाच नव्हती. शिवाय रविवारची सकाळ आम्ही आमच्या सोयीने निवडली होती. बायकांसाठी ती धुण्याची आणि बाजाराची वेळ. हे मला घरी विचारले असते तरी कळले असते.

तिरकी रेघ

सप्टेंबर २०२५ मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेच्या लाभार्थींना ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणी, सक्तीची झाली. दरमहा १,५०० रुपये चालू राहायचे असतील तर आधार क्रमांक आणि त्यावर आलेला ओटीपी संकेतस्थळावर भरायचा, शिवाय पतीच्या किंवा वडिलांच्या आधारचीही पडताळणी करायची. संकेतस्थळावर गर्दी, ओटीपी येईना, आणि त्याच दिवसांत हुबेहूब दिसणाऱ्या बनावट संकेतस्थळांच्या लिंक गल्लोगल्ली फिरू लागल्या. सेतू केंद्रांपुढे रांगा लागल्या. एके दुपारी विडी कारखान्यात माल देऊन परतणारी एक बाई देवघेवीच्या टेबलापाशी आली, फोन पुढे केला आणि म्हणाली, “सर, हे खरंय का बघा की. जाऊबाईनं पाठवलंय, तिचं झालं म्हणतीय.”

लिंकखाली मुख्यमंत्र्यांचे छायाचित्र होते, योजनेचे बोधचिन्ह होते. पत्त्यात ‘लाडकी’ होते, ‘महाराष्ट्र’ होते, ‘जीओव्ही’ आणि ‘इन’सुद्धा होते. फक्त ते सगळे शब्द मधल्या छोट्या आडव्या रेघांनी जोडलेले होते आणि त्यांच्यानंतर टिंब देऊन ‘ऑनलाइन’ असा शेवट होता. मी तिला सांगू लागलो की सरकारी पत्त्याच्या शेवटी ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असते. ती म्हणाली, “हाय की, हितं हाय.” तिचे खरेच होते, तिला ते शब्द दिसत होते. शेवट म्हणजे नेमका कुठला शेवट, हे मी सांगितलेच नव्हते.

मग कागदावर तो पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून काढला. सुरुवातीच्या दोन जोड रेघा सोडून द्यायच्या. त्यानंतर जी पहिली एकटी तिरकी रेघ येते तिच्यावर बोट ठेवायचे. तशी रेघ नसेल तर पत्ता जिथे संपतो तिथे. आणि तेथून मागे, डावीकडे वाचत यायचे. रेघेला चिकटून जे शब्द आहेत तेच त्या घराच्या मालकाचे नाव. त्यांच्या डावीकडे टिंबे आणि रेघा देऊन कोणीही काहीही लिहू शकतो. शेजारी उर्दू दैनिक वाचत बसलेले एक वृद्ध चाचा हे ऐकत होते. त्यांनी चष्मा सारखा केला आणि म्हणाले, “म्हणजे आमच्यासारखं वाचायचं. उजवीकडून.” या एका वाक्याने माझे आठ तक्ते मोडीत काढले. त्या दिवसापासून आमच्याकडे या पद्धतीला ‘चाचांचं वाचन’ म्हणतात, आणि अक्षरओळख कच्ची असलेल्या बायकांनाही ती दहा मिनिटांत येते, कारण तिच्यात वाचायचे थोडे आणि बोट ठेवायचे जास्त आहे.

दोन गैरसमज मात्र पुन्हा पुन्हा काढावे लागले. पत्त्याजवळचे कुलूप म्हणजे संकेतस्थळ प्रामाणिक, असा समज तरुणांतही आहे. ते कुलूप केवळ मधला मार्ग बंदिस्त असल्याचे सांगते, पलीकडे कोण बसले आहे ते सांगत नाही. दुसरा म्हणजे लिंकखाली दिसणारे चित्र. ते पाठवणारा हवे ते लावू शकतो.

त्या बाईने कोठेही ओटीपी दिलेला नव्हता. तिच्या जाऊबाईने दिला होता. १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन केला, तक्रार नोंदली गेली. बँकेत शिल्लक फारशी नसल्याने बचाव झाला, याला प्रशिक्षणाचे यश म्हणवत नाही.

त्या संध्याकाळी मी एक जुनी दोनशे पानी वही काढून तिला ‘प्रश्नवही’ असे नाव दिले. तारीख, प्रश्न, कुठे पाहिले, काय आढळले, एवढेच रकाने. नाव किंवा आधार क्रमांक लिहायचा नाही हा पहिला नियम. दुसरा असा की फोन ज्याचा त्याच्याच हातात राहील. कर्मचाऱ्याने बोटाने दाखवायचे, दाबायचे नाही. यात वेळ दुप्पट जातो. आमच्या लिपिकाने त्याबद्दल रास्त कुरकुरही केली. पण एकदा फोन आमच्या हातात आला की आम्ही आणखी एक सेतू केंद्र होतो, आणि शहरात ती पुरेशी आहेत. टेबलही हलवावे लागले. वर्तमानपत्रांच्या स्टँडजवळ उभे राहून नवऱ्याच्या आधारविषयी कोणती बाई मोकळेपणी बोलेल? आता ते संदर्भ ग्रंथांच्या कपाटाआड आहे.

शासन निर्णयाचे शेवटचे पान

अभ्यासिकेतील मुले या सगळ्याकडे जरा वरून पाहत होती. त्यांना फसवणे सोपे नाही असे त्यांचे मत होते. ऑक्टोबरअखेर त्यांच्या टेलिग्राम गटांवर भरतीच्या वयोमर्यादेत सूट देणारा एक शासन निर्णय आला आणि निम्मी अभ्यासिका त्या आनंदात चहाला गेली. पीडीएफवर राजमुद्रा होती, विभागाचे नाव होते, भाषाही ‘सदर बाब शासनाच्या विचाराधीन होती’ अशा वळणाची, ओळखीची.

महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयाच्या शेवटी एक ठरावीक परिच्छेद असतो : सदर निर्णय संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक अमुक आहे आणि आदेश डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित करण्यात येत आहे. हा संकेतांक अठरा अंकी असतो आणि त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. मुलांना सांगितले की पहिले पान पुरे झाले, शेवटचे पान काढा. एका मुलीने अंक मोठ्याने वाचले, “दोन शून्य दोन एक...” आणि थांबली. वर तारीख २०२५ ची होती, संकेतांक २०२१ चा. एखाद-दुसऱ्या दिवसाचा फरक चालतो, चार वर्षांचा चालत नाही. तो संकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर टाकल्यावर भलत्याच विभागाचा, बदल्यांविषयीचा जुना निर्णय उघडला. कोणीतरी खऱ्या निर्णयाची शेपटी कापून खोट्याला लावली होती.

त्या मुलीला आणि तिच्या दोन मैत्रिणींना मी प्रश्नवहीच्या टेबलावर बसायला सांगितले. त्या तेलुगू घरांतल्या, म्हणजे जे मला मराठीत सांगताना दहा वाक्ये लागत ते त्या दोन वाक्यांत सांगत. मोबदला म्हणून अभ्यासिकेचे मासिक शुल्क माफ केले. मंडळाच्या बैठकीत या ठरावावर चर्चा अर्धा तास चालली, जी मला चाळीस रुपयांच्या पुस्तकखरेदीवरच्या चर्चेची आठवण देऊन गेली. पण ठराव झाला. विडी कामगार बायका मला ‘सर’ म्हणतात आणि मुलींना ‘अम्मा’. प्रश्न कोणाला मोकळेपणी विचारले जातात हे यावरूनच ठरते. मुलींचाही फायदा झाला : शासन निर्णय, परिपत्रक, अधिसूचना आणि जाहीर प्रकटन यांतील फरक त्यांना परीक्षेपुरता नव्हे, कायमचा कळला.

माझी चूक

डिसेंबरात एक बाई मुलाच्या शैक्षणिक साहाय्याविषयीचे पत्र घेऊन आली. पत्राची छायाप्रत पुसट होती, भाषा सदोष होती आणि मुदत चार दिवसांवर होती. घाई लावणे हे तर बनावट संदेशाचे ठळक लक्षण म्हणून मी स्वतःच शिकवत होतो. मी शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर शोधले, काही सापडले नाही. केंद्र सरकारच्या पत्रसूचना कार्यालयाचे तथ्यपडताळणीचे पान पाहिले, तेथेही नाही. मी तिला सांगितले, “खोटं आहे, यात पडू नका.” वहीत ‘खोटे’ अशी नोंद केली.

पत्र खरे होते. ते एका स्थानिक कार्यालयाचे होते. अशी पत्रे शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर येत नाहीत, आणि पत्रसूचना कार्यालय केंद्र सरकारविषयीच्या बातम्याच तपासते. म्हणजे मी चुकीच्या दोन कपाटांत पुस्तक शोधले आणि ते जगात नाही असा निकाल दिला. हे कळेपर्यंत मुदत दोन दिवसांनी उलटली होती. मी त्या कार्यालयात स्वतः जाऊन विनंती केली, उपयोग झाला नाही. ती बाई त्यानंतर वाचनालयात आली नाही. तिची जाऊ किंवा शेजारीण आली असती तर निरोप तरी दिला असता; तेही कोणी आले नाही.

या चुकीचा मी पुष्कळ विचार केला. ग्रंथपालाला ‘माझ्याकडे नाही’ आणि ‘नाही’ यांतला फरक पहिल्या वर्षी शिकवतात. पण टेबलापलीकडे उभे असलेले माणूस हो किंवा नाही याची वाट पाहत असते, आणि महिनाभर बरोबर उत्तरे दिल्यावर आपल्यालाही निकाल द्यायची सवय लागते. आम्ही वहीत तिसरा शेरा घातला : ‘अजून कळले नाही, विचारायचे ठिकाण अमुक’. ठिकाण लिहिल्याशिवाय हा शेरा मारायचा नाही आणि मुदत जवळ असेल तर आम्हीच फोन करायचा. मुलींना मी हा प्रसंग जसाच्या तसा सांगितला. त्यातील एकीने विचारले, “सर, वहीतलं ते ‘खोटे’ खोडायचं का?” खोडले नाही. शेजारी तांबड्या शाईने दुरुस्ती लिहिली.

हिशेबाच्या बाहेरचे काम

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. ग्रंथालय चालवण्यासाठी स्वतंत्र उपकर लावण्याची तरतूद त्यात नाही. मद्रासच्या १९४८ च्या कायद्यात ती होती. आपल्याकडे ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ अशा दर्जानुसार शासन अनुदान देते आणि दर्जा ठरतो तो ग्रंथसंख्या, नियतकालिके, सभासद, जागा अशा मोजता येणाऱ्या गोष्टींवर. या व्यवस्थेने राज्यात हजारो वाचनालये जगवली हे विसरून चालणार नाही. मात्र वार्षिक अहवालाच्या नमुन्यात प्रश्नवहीला रकाना नाही. मी पहिल्या वर्षी ती ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ या शीर्षकाखाली दाखवली, शेजारच्या ओळीत ग्रंथदिंडी आणि रांगोळी स्पर्धा होती.

येथे एक व्यावहारिक पेच आहे. टेबलावर बसणाऱ्या माणसाचा वेळ म्हणजे पगार, आणि आमच्या वर्गातील वाचनालयांतील पगार किती असतात हे या क्षेत्रातील कोणालाही सांगायला नको. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असे सांगते. वाचकाचा वेळ वाचतो तो ग्रंथपालाचा खर्ची पडून. शुल्कमाफीवर तीन मुली वर्षभर टिकतील असे मी धरून चाललो नव्हतो, आणि तसेच झाले : एक पोलीस भरतीत निवडली गेली आणि गेली. याचे दुःख करावे की पेढे वाटावेत हे ठरेना, म्हणून पेढे वाटले.

इतर वाचनालयांतील सहकारी विचारतात तेव्हा मी अभ्यासक्रम पाठवत नाही, वहीचे कोरे पान पाठवतो. प्रत्येक ठिकाणी येणारा कागद निराळा असेल. द्राक्षबागांच्या पट्ट्यात पीकविम्याचा, पंढरपुराकडे आणखी कसला. कोलंबोच्या आठ टप्प्यांतील आठवा, म्हणजे शिकलेले वापरणे, आमच्याकडे पहिला आला. पहिला टप्पा काही जणांच्या बाबतीत आता येतो आहे : ई-केवायसीसाठी आलेल्या दोन बाया सध्या विडी कामगारांच्या मुलांची शिष्यवृत्ती राष्ट्रीय पोर्टलवर नेमकी कधी उघडते, याचा स्वतःहून शोध घेत असतात आणि तारीख गल्लीत सांगतात. त्या दोघी सभासदही झाल्या आहेत. एकीने तेलुगू पुस्तक मागितले. आमच्याकडे तेलुगू दैनिके आहेत, तेलुगू पुस्तके जवळजवळ नाहीत. हे मला इतक्या वर्षांत खटकले नव्हते.

वहीचा दुसरा भाग सुरू आहे. त्यात अलीकडे ध्वनिमुद्रित संदेश आणि चित्रफिती वाढल्या आहेत, आणि त्यांना ना तिरकी रेघ असते ना संकेतांक. परवा एका बाईने तेलुगूतील एक आवाज ऐकवला : ठरावीक तारखेनंतर विड्यांचे पुस्तक, म्हणजे कामाची नोंदवही, बाद होणार, नव्या नोंदणीसाठी पैसे भरा, असे कोणी अधिकारी म्हणून बोलत होता. टेबलावरच्या मुलीने तो दोनदा ऐकला, कारखान्याचे नाव त्यात कुठे येत नाही हे बाईच्या लक्षात आणून दिले आणि विचारले, “अक्का, हे तुमाला कुणी पाठवलं?” बाई म्हणाली, पुतण्याने. “आणि त्याला?” ते तिला माहीत नव्हते, संध्याकाळी विचारून येते म्हणाली. नोंद तिसऱ्या शेऱ्यात आहे : विचारायचे ठिकाण, पुतण्या.